अंतिम शुश्रूषा केंद्राची पारख

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



संस्थेच्या पन्नाशीच्या निमित्ताने विश्वस्तांनी मला ज्या विषयावर बोलण्यास सांगितले, तो विषय उत्सवाच्या मंडपात सहसा निघत नाही. सुवर्णमहोत्सवी निधीतील काही भाग असाध्य रुग्णांच्या शुश्रूषेसाठी द्यावा, असा विचार मंडळापुढे आहे. स्वतःचे केंद्र उभारावे की चालू असलेल्या एखाद्या केंद्रास साहाय्य करावे, हे अद्याप ठरलेले नाही. कोणत्याही मार्गाने गेलो तरी एक प्रश्न अटळ आहे. ज्यांच्या हाती आपण आपले माणूस आणि आपले द्रव्य सोपविणार, ते केंद्र चांगले आहे की नाही हे ओळखावे कसे? समाजातील अनेक कुटुंबांपुढे हाच प्रश्न एखाद्या संध्याकाळी अचानक उभा राहतो. डॉक्टर सांगतात, "आता घरी घेऊन जा." घरी नेऊन पुढे काय करावे, हे मात्र कोणी सांगत नाही.

'हॉस्पिस' या शब्दास आपल्याकडे सर्वमान्य प्रतिशब्द अजून रुळलेला नाही. मी आज 'अंतिम शुश्रूषा केंद्र' असे म्हणेन. या कार्याचा आधुनिक पाया डॉ. सिसिली सॉन्डर्स यांनी १९६७ साली लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस सुरू करून घातला. या बाई आधी परिचारिका होत्या, मग रुग्णालयात समाजसेविका झाल्या आणि त्यानंतर डॉक्टर झाल्या. मरणोन्मुख माणसाची वेदना केवळ शरीराची नसते. मनाची, कुटुंबाची आणि आत्मिक अस्वस्थतेची वेदना तिच्यात मिसळलेली असते, हा विचार त्यांनी मांडला. आपल्या देशातील पहिले असे केंद्र १९८६ साली मुंबईत वांद्रे येथे 'शांती आवेदना' या नावाने सुरू झाले. १९९३ साली कालिकतला डॉ. राजगोपाल व डॉ. सुरेशकुमार यांनी वेदनाशमनाचे चिकित्सालय काढले. त्यातून केरळात गावोगावच्या स्वयंसेवकांचे जे जाळे विणले गेले, त्याचा अभ्यास करण्यास परदेशातून लोक येतात. पुण्यात वारजे येथे सिप्लाचे केंद्र १९९७ पासून आहे. दुसऱ्या कोणत्याही केंद्राविषयी मत बनविण्यापूर्वी यांपैकी एखादे स्वतः पाहून यावे. म्हणजे डोळ्यांना माप मिळते.

रुग्णालयाची कीर्ती किती रुग्ण बरे होऊन गेले यावर ठरते. येथे ते माप चालत नाही, कारण येथे आलेले बहुतेक रुग्ण बरे होणार नसतात. माप नाही म्हटल्यावर आपण नकळत दुसऱ्याच गोष्टी मोजू लागतो. इमारत किती मजली, फरशी कोणती, खाटा किती, देणगीदारांच्या नावांची शिला कोठे बसविली आहे! उत्तम बाग असलेले आणि रात्री मात्र रुग्ण कण्हत असलेले केंद्र असू शकते. छपरावर पत्रे असलेले आणि आत शांत झोप असलेले केंद्रही असू शकते.

म्हणून पहिला प्रश्न वेदनेचा. मी व्यवसायाने भूलतज्ज्ञ असल्यामुळे या प्रश्नावर थोडी अधिक रेंगाळले, तर क्षमा असावी. केंद्रात गेल्यावर विचारावे की, तोंडाने घ्यावयाच्या मॉर्फिनच्या गोळ्या येथे नियमित मिळतात का? उत्तर 'नाही' असेल, तर कर्करोगाच्या रुग्णासाठी त्या केंद्राच्या इतर गुणांना फारसा अर्थ उरत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ सालीच वेदनाशमनाची पायरीपायरीची पद्धत घालून दिली. तिचे सार असे की, औषध शक्यतो तोंडाने द्यावे, घड्याळ पाहून ठरल्या वेळी द्यावे, वेदना उफाळण्याची वाट पाहू नये, आणि वेदनेच्या तीव्रतेप्रमाणे औषधाची पायरी चढावी. पद्धत साधी आहे. अडचण कायद्याची होती. आपला देश औषधी अफूच्या मोठ्या उत्पादकांपैकी एक आहे. नीमच-मंदसौरकडे आपल्या समाजाचे कितीतरी लोक आहेत, त्यांना अफूची ती शेते ठाऊक असतील. पण १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यानंतर परवान्यांच्या जाचामुळे डॉक्टर आणि औषध विक्रेते या औषधापासून दूर पळाले. १९९७ साली संपूर्ण देशातील मॉर्फिनचा वैद्यकीय वापर अवघ्या १८ किलोपर्यंत घसरला होता. २०१४ साली कायद्यात दुरुस्ती झाली आणि मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थेस एकाच परवान्यावर हे औषध ठेवता येऊ लागले. तेव्हा 'सरकार परवानगी देत नाही' असे सांगणाऱ्या केंद्राने अर्ज केला होता का, हे विचारावयास संकोचू नये.

परवाना असला तरी पुढे एक बारीक खूण पाहावी. मॉर्फिन घेणाऱ्यास हटकून बद्धकोष्ठ होते. जाणकार केंद्र पहिल्या गोळीबरोबरच रेचकही लिहून देते. रुग्णाच्या कागदावर मॉर्फिन आहे आणि रेचक नाही, असे दिसले तर लिहिणाऱ्याचा हात या कामात बसलेला नाही असे समजावे. वेदना शून्य ते दहा या मापात विचारून नोंदविली आहे का, औषधानंतर ती पुन्हा विचारली का, हेही कागदच सांगतो. रुग्ण दाखल झाल्यापासून किती तासांत त्याला आराम पडला, या एका आकड्यात केंद्राची बरीचशी परीक्षा होते.

येथे आपल्या घरांतून ऐकू येणारे दोन आक्षेप सांगितले पाहिजेत. पहिला असा की, हे व्यसन आहे. व्यसनाधीन माणूस नशेसाठी औषध घेतो. हा रुग्ण पाठ टेकता यावी म्हणून घेतो. शरीराला औषधाची सवय होते, म्हणून ते एकाएकी थांबवावयाचे नाही, इतकेच पथ्य. दुसरा आक्षेप गंभीर आहे आणि तो श्रद्धेतून येतो. वेदना हा कर्माचा उदय आहे, ती समतेने सोसल्यास निर्जरा होते, मग ती कमी का करावी? या प्रश्नावर विद्वान मुनिमहाराजांचा अधिकार मोठा आहे. मी एवढेच निदर्शनास आणते की, तत्त्वार्थसूत्राच्या नवव्या अध्यायात आर्तध्यानाचे जे चार प्रकार सांगितले आहेत, त्यांत वेदनेचे सतत चिंतन हा एक आहे. स्वेच्छेने स्वीकारलेले तप निराळे, आणि हाडात पसरलेल्या गाठीने रात्रभर तळमळणे निराळे. त्या तळमळीत णमोकार मंत्राचे पहिले पद उच्चारण्याइतकेही चित्त स्थिर राहत नाही, हे मी अनेकांच्या उशाशी बसून पाहिले आहे. शिवाय तपाचा निर्णय ज्याचा त्याने करावयाचा असतो. खाटेजवळ उभ्या असलेल्या पुत्राने वडिलांच्या वतीने करावयाचा नसतो.

दुसरा प्रश्न रात्रीचा. माझ्या एका नातलगास एका शहरातील अशा केंद्रात ठेवले होते. दिवसा सर्व काही सुरेख होते. रात्री अकराच्या सुमारास कळा सुरू झाल्या, तेव्हा "डॉक्टर सकाळी नऊला येतील" असे उत्तर मिळाले. औषधाच्या कपाटाची किल्लीही डॉक्टरांकडेच होती. ते दहा तास त्या घरातील कोणीही विसरलेले नाही. म्हणून पाहणीस जावयाचे तर रात्रीही जावे. किती रुग्णांमागे किती परिचारिका जागी आहे, वेदना उफाळली तर द्यावयाची जादा मात्रा आधीच लिहून ठेवली आहे का, फोनवर डॉक्टर मिळतो का, आणि किल्ली कोणाकडे आहे?

मनुष्यबळाचा हा विचार आपल्या परंपरेस नवा नाही, याचा मला अभिमान वाटतो. आचार्य शिवार्यांच्या 'भगवती आराधना' या ग्रंथात सल्लेखना घेतलेल्या क्षपकाच्या सेवेसाठी अठ्ठेचाळीस निर्यापकांची व्यवस्था सांगितली आहे. कोणी त्याला उठवावे-बसवावे, कोणी धर्मकथा सांगावी, कोणी मलमूत्र दूर करावे, कोणी दाराशी राहावे, अशी कामांची वाटणी आहे. काळ प्रतिकूल असेल तर संख्या कमी करता येते, पण दोनाच्या खाली जाता येत नाही. एकट्यावर हे कार्य सोपविणे ग्रंथकारांना मान्य नाही. सेवा करणाराही थकतो, झोपतो, आजारी पडतो, हे त्यांनी जाणले होते. आज वीस खाटांच्या दालनात रात्री एकच आया ठेवणाऱ्या व्यवस्थापनाने हा भाग अवश्य वाचावा.

अंगाची शुश्रूषा पाहण्यास वैद्यकीय ज्ञान लागत नाही. नाक पुरेसे आहे. कर्करोगाच्या उघड्या जखमेस दुर्गंधी येते, आणि त्या दुर्गंधीमुळे माणसे दूर बसू लागतात. रुग्णाला त्याचे दुःख जखमेहून अधिक असते. मेट्रोनिडाझोलची गोळी बारीक करून जखमेवर टाकली तर ती बरीच आटोक्यात येते. उपाय स्वस्त आहे, तरी दालनात वास भरून राहिला असेल तर तेथे कोणी लक्ष देत नाही. कूस दर दोन तासांनी बदलली जाते का, तोंड आतून स्वच्छ व ओलसर आहे का, पाठीवर केंद्रात आल्यानंतर झालेले व्रण आहेत का, हे घरच्या बाईमाणसाच्या नजरेतून सुटत नाही. म्हणून पाहणी समितीत निम्म्या तरी भगिनी असाव्यात, अशी माझी सूचना आहे.

आहाराविषयी आपल्या अपेक्षा वेगळ्या आहेत आणि त्या आधीच स्पष्ट सांगाव्यात. सूर्यास्तापूर्वी भोजन, कंदमुळांचा त्याग, गाळलेले पाणी, जिलेटिनच्या वेष्टनाऐवजी साधी गोळी किंवा पातळ औषध, या गोष्टी बहुतेक ठिकाणी सहज होऊ शकतात. रात्री काहीही न घेण्याचा ज्यांचा नियम आहे, त्यांच्यासाठी बारा तास परिणाम टिकणाऱ्या मॉर्फिनच्या गोळ्या सूर्योदयानंतर व सूर्यास्तापूर्वी देता येतील अशा वेळा बसवता येतात; त्वचेवर चिकटवण्याची फेंटानिलची पट्टी तीन दिवस पुरते, फक्त ती महाग पडते. नियमाची चेष्टा न करता असा मार्ग शोधणारा डॉक्टर भेटला तर तो जपून ठेवावा. मात्र अखेरच्या दिवसांत भूक मावळते, तेव्हा 'चार घास तरी' म्हणून भरविण्याने रुग्णास त्रासच होतो. हे कुटुंबास समजावून सांगण्यास वेळ देणे, हेही चांगल्या केंद्राचे लक्षण आहे.

आता नाजूक मुद्दा. अंतिम शुश्रूषा म्हणजे सल्लेखना नव्हे. १९५५ साली कुंथलगिरीवर आचार्य शांतिसागर महाराजांनी घेतलेली सल्लेखना आपल्या घराघरांतून सांगितली जाते. ती जाणतेपणी, संयमाने, संघाच्या साक्षीने घेतलेल्या व्रताची गोष्ट आहे. १० ऑगस्ट २०१५ रोजी राजस्थान उच्च न्यायालयाने संथाऱ्यास आत्महत्येच्या पंक्तीत बसविले, तेव्हा समाज रस्त्यावर उतरला आणि त्याच महिन्याच्या ३१ तारखेस सर्वोच्च न्यायालयाने त्या निर्णयास स्थगिती दिली. ज्या व्रतासाठी आपण इतके झगडलो, त्याचे नाव शुद्ध हरपलेल्या रुग्णाचे अन्न-औषध बंद करण्यास वापरले जाऊ नये. केंद्राने मृत्यू लवकर आणावयाचा नाही आणि नळ्या लावून लांबवावयाचाही नाही. रुग्ण शुद्धीत असताना त्याची स्वतःची इच्छा कोणी विचारून लिहून ठेवली का, हे पाहावे. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली अशा पूर्वलिखित इच्छापत्रास मान्यता दिली आणि २०२३ साली त्याची पद्धत सुलभ केली. दोन साक्षीदारांसमोर सही करून ते नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून प्रमाणित करून घेता येते.

द्रव्याविषयी थोडक्यात. सेवा मोफत असणे हा मोठा गुण आहे, पण मोफत आहे म्हणून तक्रार करू नये असे वातावरण असेल तर तो दोष आहे. शुल्क असेल तर अनामत किती, मृत्यूनंतर उरलेली रक्कम परत मिळते का, औषधांचे निराळे लावतात का, हे लेखी घ्यावे. कोणाला प्रवेश नाकारतात हेही विचारावे. दुर्गंधीच्या जखमेचा, एचआयव्हीबाधित किंवा निराधार रुग्ण परत पाठविला जात असेल, तर आपल्या निधीने त्या दाराची चौकट सजवू नये. तत्त्वार्थसूत्रात वैयावृत्त्यास पात्र असणाऱ्या दहांमध्ये 'ग्लान' म्हणजे आजारी साधूचा निर्देश आहे, आणि रत्नकरंड श्रावकाचारात हेच वैयावृत्त्य श्रावकाचे शिक्षाव्रत म्हणून येते. तेथे विषय संयमींच्या सेवेचा आहे, हे मी जाणते. पण औषधदान व अभयदान देताना आपल्या पूर्वजांनी जात विचारल्याचे ऐकिवात नाही.

सर्वांत खरी साक्ष मात्र केंद्राबाहेर मिळते. सहा महिन्यांपूर्वी ज्यांच्या घरचे माणूस तेथे गेले, अशा चार-पाच घरी जाऊन बसावे. दुखवट्याच्या काळात केंद्रातून कोणी भेटावयास आले होते का? शेवटची घटका जवळ आली हे वेळेवर कळविले होते का? पुन्हा प्रसंग आला तर तेथेच न्याल का? या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर देण्यापूर्वी समोरचा किती वेळ थांबतो, तिकडे लक्ष ठेवावे.

माझे मत विचाराल तर इमारतीची घाई नको. पहिली दोन वर्षे घरोघर जाऊन शुश्रूषा करणारे एक पथक चालवावे. एक प्रशिक्षित परिचारिका, आठवड्यातून दोन दिवस डॉक्टर, एक वाहन, आणि रात्रंदिवस उचलला जाणारा एक दूरध्वनी. बहुतेक रुग्णांना आपल्याच घरी, आपल्याच देवघराच्या नजरेत राहावेसे वाटते. पथकाच्या नोंदींवरून खाटांची गरज किती, हे दोन वर्षांत कळेल. दरम्यान चालू केंद्रांची पाहणी करण्यासाठी विश्वस्तांनी एक समिती नेमावी. तिची पहिली भेट आगाऊ न कळविता, रात्री साडेनऊनंतर व्हावी. त्यासाठी माझी तयारी आहे, आणखी दोन भगिनींची नावे कार्यालयात नोंदवून घ्यावीत.