ब्राँक्सची सैल विजार, नालासोपाऱ्याचा ठेका

सैल ट्रॅकसूट, पांढरे बूट आणि उलटी टोपी! बोईसर स्टेशनवर दिसणारा हा हिप-हॉप नाच-संगीताचा थाट मूळचा न्यूयॉर्कच्या ब्राँक्समधला. १९७०च्या दशकात तिथली गरीब वस्तीतली मुलं नाचताना जमिनीवर गिरक्या घेत. नायलॉनचा कपडा सहज घसरे, अंगही खरचटत नसे. पोशाख ठरला तो सोयीतून.

१९८६मध्ये ‘रन-डीएमसी’ या रॅप गटाने आदिदासच्या बुटांवर गाणं केलं आणि कंपनीने त्यांच्याशी करार केला. न्यूयॉर्कच्याच हार्लेममधल्या डॅपर डॅन या शिंप्याचं नशीब वेगळं. बड्या ब्रँडांची चिन्हं वापरून तो जाकिटं शिवायचा. कोर्टकज्ज्यांपायी १९९२मध्ये त्याचं दुकान बंद पडलं. पुढे २०१७मध्ये गुची या बड्या ब्रँडनेच त्याच्या जाकिटासारखं जाकीट काढलं, टीका होताच त्याच्याशी हातमिळवणी केली.

आपल्या पालघर जिल्ह्यातही हिप-हॉप रुजलं. वसई-नालासोपारा पट्ट्यातल्या ‘किंग्ज युनायटेड’ या नृत्यसंघाने २०१५मध्ये सॅन दिएगोच्या जागतिक हिप-हॉप नृत्यस्पर्धेत कांस्यपदक मिळवलं, २०१९मध्ये अमेरिकेची ‘वर्ल्ड ऑफ डान्स’ ही टीव्ही स्पर्धाही जिंकली.

तारापूरच्या कारखान्यांत कापड तयार होतं, नाचणारी पोरंही इथलीच. मग हिप-हॉपचा एखादा ब्रँड पालघरचा का नसावा? मंडळी, मनावर घ्या.