रोप पिवळं पडलं की आधी माती बघा
(प्रभागसंघाच्या मासिक सभेतील मनोगत)



आज नारळाच्या रोपवाटिकेबद्दल बोलते, आणि सुरुवात माझ्याच चुकीपासून करते.

गेल्या पावसानंतर आपल्या एका गटाच्या रोपांच्या पानांवर पिवळे-तपकिरी ठिपके आले. मला वाटलं, ऊन लागलं. मी पाणी वाढवायला सांगितलं. पंधरा दिवसांत ठिपके एकमेकांना मिळाले, मधे राखाडी झाले, पानांचे शेंडे जळल्यासारखे दिसू लागले. गटातल्या एक मावशी म्हणाल्या, "बाय, तहान नाय लागलीय त्यांना, पाय बुडलेत त्यांचे." बघितलं तर पिशव्यांची भोकं बुजलेली! अंतर्गत कर्ज काढून केलेली रोपं. बरीचशी विकण्याजोगी राहिली नाहीत. हप्ता मात्र भरावाच लागला.

हा करपा, म्हणजे बुरशीचा रोग. बुरशी वाऱ्या-पावसाने पसरते, पण जोर धरते ती कमजोर रोपावर. पाणी साचणारी आणि पालाश कमी असलेली माती तिच्या पथ्यावर पडते. आपल्या जांभ्या मातीतून पावसाबरोबर पालाश वाहून जातं. म्हणून नुसती फवारणी करून भागत नाही.

मग करायचं काय?

१. पिशव्यांची भोकं मोकळी करा, रोपांत अंतर ठेवा. रोगट पानं कापून जाळा.

२. एक टक्का बोर्डो मिश्रण फवारा. १०० ग्रॅम मोरचूद ५ लिटर पाण्यात, १०० ग्रॅम चुना दुसऱ्या ५ लिटरमध्ये. बादल्या प्लॅस्टिकच्याच. मोरचुदाचं पाणी चुन्यात हळूहळू ओतून ढवळा. लोखंडी सुरी बुडवून बघा. तांबूस थर आला तर आणखी चुन्याची निवळी घाला. त्याच दिवशी वापरा. तोंडाला रुमाल, हातात मोजे हवेतच.

३. मातीत कुजलेलं शेणखत आणि ट्रायकोडर्मा मिसळा. बोर्डो आणि ट्रायकोडर्मा एकत्र नको, मधे पंधरा दिवस जाऊ द्या. नाहीतर चांगली बुरशीही मरते.

मधला कोवळा कोंब ओढल्यावर हातात आला आणि घाण वास आला, तर तो करपा नाही, कोंबकूज आहे. ते रोप लगेच बाजूला काढा आणि सहायक कृषी अधिकाऱ्यांना दाखवा. रत्नागिरीजवळ भाट्ये इथे नारळ संशोधन केंद्र आहे, तिथेही विचारता येतं.

ताईंनो, रोपवाटिकेसाठी नवं कर्ज मागण्याआधी माती तपासून घ्या. तो अहवाल कर्जाच्या अर्जाला जोडूया. आणि मी काही सांगितलं तरी, आधी पिशवीत बोट घालून बघा!