उतारवयांतील नवें घर : जाण्यापूर्वीं काय पाहावें?

(ज्युबिलीनिमित्त भरलेल्या वडीलधाऱ्यांच्या सभेंत केलेलें भाषण)



ज्युबिलीच्या दिवशीं मागें वळून पाहण्याची रीत आहे, आणि आमच्यापूर्वीं बोललेल्या वक्त्यांनीं ती उत्तम पाळली. आम्हांस मात्र थोडें पुढें पाहावयाचें आहे. पुढें पाहिलें तर आपणांपैकीं पुष्कळांस दिसतें तें असें : मुलगा आखातांत, मुलगी कॅनडांत, आणि मोठ्या घरांत दोन म्हातारीं माणसें. ही गोष्ट एकट्या आपल्या धर्मग्रामाची नव्हे. २०११ च्या जनगणनेंत आपल्या देशांत साठ वर्षांवरील माणसें सुमारें १० कोटी ४० लक्ष होतीं. तेव्हांपासून ती संख्या वाढतच आहे.

‘वृद्धाश्रम’ हा शब्द निघाला कीं आपल्या घरांत आवाज खालीं येतो. मुलांस वाटतें, लोक नांवें ठेवतील. आईबापांस वाटतें, आपणांस टाकलें. आमचें म्हणणें असें कीं, चवथी आज्ञा एका छपराखालीं राहूनहि मोडतां येते, आणि दूर राहूनहि पाळतां येते. म्हणून जावें कीं न जावें, हें आम्ही सांगणार नाहीं. जावयाचें झाल्यास काय पाहून जावें, एवढेंच सांगणार आहों.

ह्या बाबतींत एका स्त्रीची आठवण अवश्य केली पाहिजे. १८३९ सालच्या हिवाळ्यांत फ्रान्समधील सें-सेर्व्हां गांवीं झान जुगां हिनें एका आंधळ्या, अर्धांगानें पंगू झालेल्या म्हातारीस घरीं आणलें आणि आपला स्वतःचा बिछाना तिला दिला. त्यांतूनच ‘गरिबांच्या लहान भगिनीं’चा संघ उभा राहिला. १८८२ सालीं त्या भगिनी कलकत्त्यास आल्या. २००९ सालीं झान जुगां हिला संतपद देण्यांत आलें. आज वृद्धांसाठीं नाना प्रकारचीं घरें आहेत : निराधारांसाठीं धर्मादाय चालणारीं, दरमहा पैसे घेऊन सांभाळणारीं, आणि पुणें व कोईमतूर यांसारख्या शहरांभोवतीं उठलेल्या निवृत्तांच्या वसाहती, जेथें सदनिका विकत किंवा भाड्यानें घ्यावी लागते. घर कोणत्याहि प्रकारचें असो, पहिल्या बिछान्याची ती कसोटी सर्वांस लावतां येते. येथें म्हाताऱ्या माणसाची सोय आधीं पाहतात, कीं चालविणाऱ्याची?

पहिला प्रश्न मात्र त्या घरास विचारावयाचा नसून स्वतःस विचारावयाचा आहे. हा निर्णय कोणाचा? मुलांनीं परस्पर ठरवून आईबापांस केवळ दिवस कळवावा, हें बरें नव्हे. तसेंच, शोक ताजा असतां, जोडीदार जाऊन महिना झाला नाहीं तोंच, घर मोडूं नये.

दुसरें, जागा पाहावयास जावें तें न कळवितां जावें, आणि एकदां नव्हे, तीनदां जावें : एकदां जेवणाच्या वेळीं, एकदां सायंकाळीं, एकदां रविवारीं. छापील पुस्तकांतील बागेचीं चित्रें पाहून भुलूं नये. नाकानें पाहावें, मूत्राचा वास दाबण्यासाठीं फिनाईल ओतलें असेल, तर तें लपत नाहीं. खाटेवरील माणसाचीं नखें कापलेलीं आहेत काय? पाण्याचा तांब्या त्याच्या हातापाशीं आहे काय? सेवक त्यास नांवानें हांक मारतात, कीं खोलीच्या क्रमांकानें? मग व्यवस्थापक जवळ नसतांना तेथील चारदोन रहिवाशांपाशीं बसावें. शक्य असेल तर पैसे भरण्यापूर्वीं महिनाभर पाहुणे म्हणून राहून पाहावें. ज्या ठिकाणीं ह्यास नकार मिळेल, तेथें त्या नकाराचें कारण विचारावें.

तिसरें, इमारत. महारेरानें २०२४ सालीं निवृत्तांच्या वसाहतींविषयीं नियम घालून दिले : चाकांची खुर्ची जाईल असे रुंद दरवाजे, उतरता मार्ग, लिफ्ट, न घसरणारी फरशी, न्हाणीघरांत धरावयास दांडे. ह्या गोष्टी बांधणाऱ्याच्या तोंडीं असून भागत नाहीं. त्या विक्रीच्या करारांत उतरल्या पाहिजेत. जुन्या आश्रमांतहि ह्याच यादीनें पाहणी करावी. एक उंच उंबरठा मांडीचें हाड मोडावयास पुरेसा होतो.

चवथें, आजार. पाहणीस जातों तेव्हां आपण चालतेबोलते असतों, म्हणून हा प्रश्न मनांत येत नाहीं. आणि सर्वांत महत्त्वाचा तोच आहे. पुष्कळ घरें केवळ हिंडत्या-फिरत्या माणसांसच घेतात. उद्यां अंथरूण धरलें, किंवा स्मृतिभ्रंश होऊन आपलीं माणसें ओळखूं येईनाशीं झालीं, तर येथेंच सांभाळतील, कीं मुलांस बोलावून घेऊन जा म्हणतील? रात्रीं परिचारिका असते काय? रुग्णालय किती दूर, आणि तेथें नेणार कोण? उत्तर लेखी घ्यावें. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरीच्या पुढील प्रत्येकास आयुष्मान भारत योजनेखालीं कुटुंबामागें वर्षाला पांच लक्ष रुपयांपर्यंत उपचारांची सोय झाली आहे. परंतु ती रुग्णालयांत दाखल झाल्यावरची आहे. रोज अंग पुसणाऱ्या माणसाचा पगार त्यांतून निघत नाहीं.

पांचवें, पैसा. अनामत किती, ती परत केव्हां, सोडून गेल्यास किती कापतील, मृत्यूनंतर कोणास देतील, हें वाचल्याखेरीज सही करूं नये. दोघांपैकीं एक गेल्यावर दुसऱ्यास तीच खोली राहील काय, आणि कोणत्या दरानें, हेंहि विचारावें. दरमहाचा आकार वाढतो कसा, तें तर कागदावर मांडूनच पाहावें. समजा, आज महिना २५,००० रुपये आहेत आणि दरसाल शेंकडा ८ वाढ आहे. दहा वर्षांनीं तेच सुमारें ५४,००० होतील. पेन्शन तेवढी वाढते काय?

सहावें, आणि येथें आम्ही थोडें कठोर बोलतों : जातांना राहतें घर घाईनें मुलांच्या नांवें करूं नये. २००७ च्या ज्येष्ठ नागरिकांच्या कायद्याचें २३ वें कलम असें आहे कीं, सांभाळण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता, सांभाळ न झाल्यास, न्यायाधिकरण रद्द ठरवूं शकतें. परंतु ती अट बक्षीसपत्रांतच स्पष्ट लिहून घ्यावी. मुलांवर विश्वास असला म्हणून कागद नको, असें नव्हे. चांगला कागद चांगल्या मुलांसहि भांडणापासून वांचवितो. अडचण आल्यास ज्येष्ठांसाठीं १४५६७ हा दूरध्वनी क्रमांक आहे, तो घरोघरीं भिंतीवर लिहून ठेवावा.

शेवटीं ज्या गोष्टी क्षुल्लक वाटतात त्या. कित्येक वसाहतींत शुद्ध शाकाहाराचा नियम असतो. ज्यानें सत्तर वर्षें बोंबलाच्या कालवणाशीं भात खाल्ला, त्यानें हा नियम आधीं वाचावा; नाहीं तर पहिल्याच आठवड्यांत घराची आठवण पोटांतून येईल. मिस्सेस जावयास वाहन आहे काय, आजाऱ्यांस कम्युनियन देण्यास धर्मगुरू येऊं शकतील काय, आपली भाषा बोलणारें कोणी शेजारीं आहे काय? भाषा हरवली तर गर्दींतहि माणूस मुका होतो.

इतकें पाहून जो जाईल, त्यास कोणी नांवें ठेवूं नयेत. आणि इतकें पाहून जो राहील, त्यास कोणी हट्टी म्हणूं नये. परंतु धर्मग्रामाचें काम तेथें संपत नाहीं. जो आपल्यांतून उठून दूरच्या वसाहतींत गेला, त्याचें नांव आपल्या वहींतून पुसलें जाऊं नये. आमची सूचना साधी आहे : बाहेर राहावयास गेलेल्या प्रत्येक वृद्धाचें नांव व पत्ता धर्मग्रामानें लिहून ठेवावा, आणि महिन्यांतून एकदां दोघांनीं जाऊन त्यास भेटावें. जातांना पुष्पगुच्छ नेऊं नये. गांवच्या बातम्या न्याव्या, जमल्यास डब्यांत थोडें कालवण न्यावें, आणि तासभर बसावें. ज्या घरांत पाहुणे नेमानें येतात, तेथील सेवकहि अधिक जपून वागतात, हा सर्वत्रांचा अनुभव आहे.

ह्या ज्युबिली वर्षांत एवढी एक वही सुरूं झाली, तर पुढच्या ज्युबिलीला आपणांपैकीं जे कोठें तरी परक्या खोलींत बसलेले असूं, त्यांच्या दारावर आपल्या माणसाची थाप पडेल.