दहावीचा इतिहास आणि आपल्या गावचे प्रतिसरकार

(सातारा व सांगली जिल्ह्यांतील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेले भाषण)



आजच्या बैठकीचा विषय ‘दहावीच्या मुलांसाठी अभ्यासिका’ असा ठेवला आहे. विषय पाहून काही जणांच्या चेहऱ्यावर निराशा उमटलेली मला दिसली. ऊसदर, पाणी, शेतमजुरांची मजुरी हे विषय सोडून पक्षाने शाळेच्या परीक्षेत कशाला लक्ष घालावे, असे त्यांना वाटत असावे. त्यांचे समाधान मी आरंभीच करीत नाही. बोलता बोलता झाले तर होईल.

गेल्या हिवाळ्यात वाळवा तालुक्यातील एका गावी, समाजमंदिरात भरणाऱ्या अभ्यासिकेत मी इतिहास शिकवावयास जात होतो. एके दिवशी मी प्रतिसरकारचा विषय काढला. मुले दोन मिनिटे ऐकत राहिली. मग पहिल्या रांगेतील एका मुलीने अतिशय नम्रपणे विचारले, “सर, हे परीक्षेला आहे का?” मी म्हणालो, “नाही.” तिने वही मिटली. रागाने नव्हे, तिला वेळ कमी होता. सकाळी ती आईबरोबर भांगलणीस जात असे.

त्या मुलीचे चुकले असे मी म्हणणार नाही. २०१८ साली आलेले दहावीचे इतिहासाचे पुस्तक आपल्यापैकी किती जणांनी उघडून पाहिले आहे? आपल्या वेळी इतिहास म्हणजे सनावळ्या, तह आणि लढाया होत्या. हे पुस्तक तसे नाही. इतिहास कसा लिहिला जातो, हाच त्याचा मुख्य विषय आहे. व्हॉल्टेअर, रांके, हेगेल, मार्क्स, फुको यांची नावे त्यात आहेत. भारतीय परंपरेच्या प्रकरणात ग्रँट डफ आहे, राजवाडे आहेत, महात्मा फुले आणि डॉ. आंबेडकर आहेत, ताराबाई शिंदे आणि पंडिता रमाबाई आहेत, कोसंबी आणि शरद पाटील आहेत. वंचितांच्या इतिहासाला स्वतंत्र स्थान आहे. मौखिक साधनांविषयी सांगितले आहे. मी मोकळेपणाने कबूल करतो की, आपल्या पक्षाच्या शिक्षण समितीला पुस्तक करावयास सांगितले असते तर आपण याहून फार वेगळे केले असते असे नाही.

प्रतिसरकार मात्र या पुस्तकाच्या अभ्यासक्रमात नाही. ते आठवीत आहे, बलिया आणि मिदनापूरच्या सोबतीने. आठवीला बोर्डाची परीक्षा नाही. त्यामुळे घडते असे : कुंडलची मुलगी आठवीत आपल्या गावाविषयी काही ओळी वाचते आणि विसरते, दहावीत ती ‘वंचितांचा इतिहास’ ही टीप पाठ करते. इतिहास खालून लिहावा असे तिला परीक्षेसाठी पाठ आहे. आणि तो खालूनच घडला ती जागा तिच्या शाळेच्या वाटेवर आहे. या दोहोंची गाठ पडत नाही. ती कोणी घालून द्यावी, हा माझा आजचा प्रश्न आहे.

दुसरी एक गंमत पाहा. ग्रँट डफ हा १८१८ नंतर साताऱ्यातच रेसिडेंट म्हणून बसला होता. छत्रपतींच्या दप्तरातील कागद त्याला येथेच हाताळावयास मिळाले आणि त्यातूनच त्याचा मराठ्यांचा इतिहास १८२६ साली लंडनला छापून आला. राजवाड्यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड १८९८ साली काढला, तो वाईला सापडलेल्या कागदांचा. ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ छापणारे वासुदेवशास्त्री खरे मिरजेच्या शाळेतील संस्कृतचे शिक्षक होते. मराठ्यांचा इतिहास ज्या मुलखात कागदांतून वर काढला गेला, त्याच मुलखातील मुले ती नावे ‘जोड्या लावा’साठी घोकतात. वाई एसटीने किती तासांवर आहे हे त्यांना ठाऊक असते. राजवाडे तेथे काय शोधावयास गेले होते हे त्यांना कोणी सांगत नाही.

आता प्रतिसरकारविषयी थोडे अधिक बोलावयास हवे. कारण आपण कार्यकर्तेही ते उत्सवापुरतेच जाणतो. ऑगस्टमध्ये हार घालतो, भाषणे करतो. मुलाने मध्येच उठून “ते येथेच का झाले?” असे विचारले तर आपल्यापैकी किती जण उत्तर देतील?

८ ऑगस्ट १९४२ ला मुंबईत ठराव झाला. पुढाऱ्यांना पहाटेच अटक झाली. त्यानंतर साताऱ्यात तालुका कचेऱ्यांवर मोर्चे निघाले. ९ सप्टेंबरला वडूजला आणि १० सप्टेंबरला इस्लामपूरला गोळीबार झाला, माणसे मेली. येथपर्यंतची हकिकत देशात इतरत्रही घडली. बलियाचे सरकार काही दिवस टिकले. तामलुकचे जातीय सरकार १९४४ पर्यंत चालले. साताऱ्याचे मात्र १९४६ पर्यंत तग धरून राहिले. ही तीन वर्षे कशाच्या बळावर निघाली?

एक कारण नकाशात आहे. त्या वेळचा सातारा जिल्हा सलग नव्हता. आजचा बराचसा सांगली जिल्हा त्यातच होता. १९४९ साली दक्षिण सातारा वेगळा झाला आणि १९६० साली त्याचे नाव सांगली पडले. या ब्रिटिश मुलखात सांगली, मिरज, जत, फलटण, औंध अशा संस्थानांचे तुकडे ठिगळांसारखे विखुरलेले होते. कुंडल हे औंध संस्थानात होते. आणि औंधला १९३९ साली राजाने स्वतःहून प्रजेला राज्यघटना दिली होती. गावपंचायत हा तिचा पाया होता. भूमिगतांना एका हद्दीतून दुसऱ्या हद्दीत जाता येई. ब्रिटिश पोलिसांना संस्थानात तसा मोकळा शिरकाव नव्हता. गावाने आपला न्याय आपण करावा, ही कल्पनाही कुंडलच्या लोकांना परकी वाटण्याचे कारण नव्हते. दुसरे कारण त्याहून जुने आहे. सत्यशोधक जलसे या गावांतून फिरले होते. १९२० च्या आगेमागे साताऱ्यातील कुळे जमीनदारांविरुद्ध उठली होती. नाना पाटील हे तलाठ्याची नोकरी सोडून चळवळीत आले, ते त्या वातावरणातूनच घडलेले होते. सावकाराचे कागद, हुंड्याचा आणि लग्नाचा खर्च, दारू, गावगुंड या गोष्टींना प्रतिसरकारने हात घातला. गांधी-विवाह लावले, न्यायदान मंडळे बसविली. परकीय सत्तेविरुद्धच्या लढ्यात हे विषय कोठून आले, याचे उत्तर सत्यशोधक चळवळीत शोधावे लागते. हे विवेचन गेल ऑम्वेट यांनी फार नेटकेपणाने केले आहे. त्या अमेरिकेतून येऊन कासेगावला राहिल्या आणि २०२१ साली येथेच गेल्या.

दहावीच्या मुलाला एवढे समजले तर त्याला ‘सकारण स्पष्ट करा’ या प्रश्नाची भीती उरत नाही. सकारण म्हणजे काय, हे त्याला एकदा आपल्या गावावरून कळले की रांकेवरूनही कळते. म्हणून मी गुणांच्या विरुद्ध बोलत आहे असा समज कृपा करून करून घेऊ नका. आपल्यातील काही सुशिक्षित मित्र परीक्षेची टर उडवितात. त्यांची मुले परीक्षा देऊन चुकलेली असतात. ऊसतोडीवरच्या बाईला विचारा. फेब्रुवारी-मार्चमध्ये परीक्षा येते तेव्हा कारखान्यांचा गळीत हंगाम संपत आलेला असतो, पण संपलेला नसतो. बीडकडून आलेल्या टोळीतील पोरगी कोपीत चिमणी लावून वाचते किंवा गावी आजीकडे राहून एकटी परीक्षा देते. नाना पाटील १९६७ साली बीडमधून लोकसभेवर गेले होते. त्या जिल्ह्यातील मजुरांची नातवंडे नानांच्या तालुक्यात ऊस तोडतात, आणि आपण त्यांना अजून अभ्यासिकेत बोलावलेले नाही. त्यांच्या दृष्टीने पस्तीस आणि चौतीस यांतील अंतर हे शेत आणि नर्सिंग यांतील अंतर असते.

आपल्या कोल्हापूर विभागाचा निकाल २०२४ आणि २०२५ या दोन्ही वर्षी कोकणाच्या पाठोपाठ राज्यात दुसरा लागला. याचा आनंद आहेच. परंतु निकालाच्या टक्क्यांवर मी फार विसंबत नाही. २०१९ साली शाळांकडचे अंतर्गत गुण काढून घेतले तेव्हा राज्याचा निकाल ७७ टक्क्यांवर आला. पुढच्या वर्षी ते गुण परत दिले आणि निकाल ९५ टक्क्यांवर गेला. एका वर्षात मुले इतकी हुशार होत नसतात. आणि त्या ९५ टक्क्यांतील बऱ्याच मुलांनी इतिहासाचे पुस्तक न उघडता ‘अपेक्षित’ प्रश्नसंचावरच काम भागविले, हे कोणताही शिक्षक तुम्हांला खासगीत सांगेल. ज्याला क्लास परवडतो त्याला अपेक्षित प्रश्न समजावून मिळतात. ज्याला परवडत नाही तो ते तसेच गिळतो.

आता मी माझी एक चूक सांगणार आहे. ती सांगण्यासाठीच खरे तर मी हे भाषण स्वीकारले.

त्या अभ्यासिकेतील मुलांना मी एक काम दिले होते. पुस्तकात मौखिक साधनांविषयी वाचले आहे, तर घरातील सर्वांत वयस्क माणसाला बेचाळीसविषयी विचारा आणि एक पान लिहून आणा. नागनाथअण्णा आणि जी. डी. बापू जाऊन एक तप उलटले. नानांच्या कन्या हौसाताई २०२१ साली गेल्या. तेव्हा मूल असलेली माणसे आज ऐंशीच्या पलीकडे आहेत. हा झरा आटत चालला आहे. मुलांनी सुंदर पाने आणली. कोणाच्या पणजीने भाकऱ्या बांधून दिल्या होत्या. कोणाच्या माळ्यावर बंदूक होती. शेणोलीची पगाराची गाडी १९४३ साली लुटली त्या दिवसाचे वर्णन तर तिघांनी तीन तऱ्हांनी केले होते, आणि त्यावर आम्ही एक तास आनंदाने भांडलो.

एका मुलाचे पान वेगळे होते. त्याच्या आजोबांच्या थोरल्या बहिणीने त्याला सांगितले होते की, तिच्या वडिलांना फितूर ठरवून तळपायांवर मारले. ती तेव्हा पाचसहा वर्षांची होती. ते फितूर नव्हते, शेजाऱ्याशी बांधाचा वाद होता, असे तिचे म्हणणे. पुढे ते कधी सरळ चालले नाहीत. गावाने त्या घराला पुष्कळ वर्षे सत्यनारायणाला बोलावले नाही.

मी ते पान वाचले आणि मुलाला म्हणालो, “हे राहू दे. दुसऱ्या कोणाला तरी विचार.” त्याने मान हलविली. दुसऱ्या दिवशी त्याने भाकरीची गोष्ट लिहून आणली. बहुधा मित्राचीच उतरवली होती. मी त्याला ‘उत्तम’ असा शेरा दिला.

मित्रहो, मी असे का केले याचा विचार मी पुष्कळ दिवस केला. प्रतिसरकारवर अन्याय होईल असे मला वाटले, हे खरे. न्यायदान मंडळांनी शेकडो घरांना दिलासा दिला, सावकारांना जागेवर बसविले, लेकीबाळींना रात्री निर्धास्त झोप दिली. त्यात एखादा निवाडा चुकला असेल तर तो चघळत का बसावे? पण मुलाला हे सांगावयाचे तर प्रथम त्याचे पान वाचून दाखवावे लागले असते. वकील नाही, अपील नाही, रात्रीतून निकाल, आणि तक्रारदार कधी कधी बांधाचा शेजारी. अशा न्यायात चूक होणारच. ती कोणी मोजली? काँग्रेसवाल्यांनी यशवंतराव, वसंतदादा, किसन वीर यांच्यापुरते प्रतिसरकार घेतले. शेतकरी कामगार पक्षाने आणि कम्युनिस्टांनी नाना घेतले. आपण अच्युतराव पटवर्धनांचे भूमिगत मार्गदर्शन घेतले आणि त्यावर समाधानी राहिलो. वारस सगळे झाले. मार खाल्लेल्या माणसाच्या घरी मात्र कोणत्याच पक्षाचा माणूस गेला नाही.

त्या पोराने तर पुस्तकात सांगितले तेच केले होते. साधन शोधले, विचारले, जसेच्या तसे लिहिले. रांके आणि वंचितांचा इतिहास या दोहोंची परीक्षा तो एका पानात उत्तीर्ण झाला होता. नापास मी झालो.

म्हणून अभ्यासिकांच्या योजनेत माझी सूचना अशी आहे. इतिहास शिकविणाऱ्या कार्यकर्त्याने पक्षाची पुस्तिका घेऊन जाऊ नये. दहावीचे पुस्तक न्यावे, मागच्या पाच वर्षांच्या प्रश्नपत्रिका न्याव्यात, आणि पहिले सहा आठवडे मुलांच्या गुणांचेच काम करावे. टीप किती ओळींची लिहावी, संकल्पनाचित्र कसे पुरे करावे, वेळ कसा वाटावा. यात कमीपणा काही नाही. मग गावाचे काम. मुलांनी जे आणले ते वहीत राहील; कोणाचेही पान परत केले जाणार नाही. आणलेल्या गोष्टीविरुद्ध दुसरी गोष्ट मिळाली तर तीही शेजारी चिकटवावी. कारखान्यांच्या तळांवरील कोप्यांत जाऊन टोळ्यांतील मुलांची यादी या महिन्यातच करावी. त्यांच्या गावची परीक्षा केंद्रे वेगळी असतात, हेही लक्षात ठेवावे.

तो मुलगा आता अकरावीत इस्लामपूरला जातो. त्याला मी भेटलो. पहिले पान त्याने फाडलेले नव्हते. वहीच्या शेवटी घडी करून ठेवले होते. आजोबांची बहीण अजून आहे, ऐकू कमी येते. येत्या रविवारी मी तिच्याकडे जाणार आहे. ती मला घरात घेईल किंवा घेणार नाही. ज्यांना बरोबर यावयाचे असेल त्यांनी सकाळच्या पहिल्या एसटीने इस्लामपूर स्थानकावर उतरावे. तेथून पुढे आपण चालत जाऊ.