चांदीचं ताट, रिकामं ताट
(वस्तीतल्या युवकांच्या अभ्यासवर्गात केलेलं भाषण)



गेल्या रविवारी याच हॉलात आपण वस्तीतल्या एका पोरीचा सत्कार केला. राज्य पातळीवर धावून आली म्हणून. शाल दिली, नारळ दिला, टाळ्या कुटल्या. जाताना दारात ती मला म्हणाली, "दादा, ही पाचवी शाल. बूट मात्र एकच जोड, तोही फाटका."

ते वाक्य आठवडाभर डोक्यात घण घालतंय. म्हणून आज मी टेनिसवर बोलणार आहे.

मागच्या रांगेत कोणीतरी हसलं. बरोबर हसलं. टेनिस म्हणजे पांढरीशुभ्र कापडं, कातरलेलं गवत आणि फाटकावर दरवान. मीही लहानपणी असल्या एका क्लबात चेंडू वेचायला जायचो. चेंडूला हात लावायची मुभा होती, रॅकेटला नव्हती. तर हे फाटक एका काळ्या बाईनं कसं उघडलं आणि उघडून तिच्या पदरात काय पडलं, ते ऐका.

अल्थिया गिब्सन. जन्म १९२७, अमेरिकेच्या दक्षिणेत, साउथ कॅरोलिनातलं सिल्व्हर हे गाव. आईबाप दुसऱ्याच्या रानात वाट्यानं कापूस पिकवणारे. पोर तीन वर्षांची असताना घर उठून न्यूयॉर्कला आलं, हार्लेममध्ये, काळ्यांच्या वस्तीत. तिथं १४३ व्या रस्त्यावर दिवसा गाड्या बंद ठेवून पोरांना खेळायला जागा करून दिलेली. अल्थिया शाळेला दांडी मारायची, मारामाऱ्या करायची आणि त्या रस्त्यावर लाकडी फळीनं पॅडल टेनिस खेळायची. १९३९ साली, वयाच्या बाराव्या वर्षी, ती या खेळात शहराची विजेती झाली. मग शेजाऱ्यापाजाऱ्यांनी वर्गणी काढली आणि तिला हार्लेममधल्या काळ्यांच्याच टेनिस क्लबात घातलं. तिथं शिकवणारा फ्रेड जॉन्सन एका हाताचा होता.

ही वर्गणी ध्यानात ठेवा. मी परत तिच्यावर येणार आहे.

गोऱ्यांच्या स्पर्धांत काळ्यांना शिरकाव नव्हता. म्हणून काळ्यांनी १९१६ सालीच आपली वेगळी टेनिस संघटना काढलेली. तिच्या राष्ट्रीय स्पर्धेत अल्थियानं १९४७ ते १९५६ अशी सलग दहा वर्षं महिलांचं विजेतेपद घेतलं. दोन काळ्या डॉक्टरांनी, ह्यूबर्ट ईटन आणि वॉल्टर जॉन्सन यांनी, तिला आपापल्या घरी ठेवलं, शिकवलं, खेळवलं.

आता व्यवस्थेची हुशारी बघा. फॉरेस्ट हिल्सच्या राष्ट्रीय स्पर्धेत काळ्यांना बंदी, असं नियमात कुठंच लिहिलेलं नव्हतं. फक्त तिथं बोलावणं यायला आधी दुसऱ्या स्पर्धा खेळाव्या लागत, आणि त्या स्पर्धा भरत गोऱ्यांच्या क्लबांत, जिथं काळ्याला पाऊल टाकता येत नसे. कागद स्वच्छ, फाटक बंद! ही चलाखी तुम्हाला मी समजावून सांगायला नको.

१९५० साली अ‍ॅलिस मार्बल या गोऱ्या माजी विजेतीनं टेनिसच्या मासिकात लिहून आपल्याच लोकांची लाज काढली. त्याच ऑगस्टात अल्थिया फॉरेस्ट हिल्सवर उतरली. दुसऱ्या फेरीत समोर विम्बल्डनची विजेती लुईस ब्रॉ. तिसऱ्या सेटमध्ये अल्थिया ७-६ नं पुढे, आणि आभाळ फाटलं. विजेनं स्टेडियमवरचा दगडी गरुड खाली पाडला. खेळ थांबला. दुसऱ्या दिवशी ती ९-७ नं हरली.

पण गरुड पडला होता, दोस्तहो.

१९५६ ला फ्रान्सचं विजेतेपद. १९५७ ला विम्बल्डन. राणी एलिझाबेथनं स्वतःच्या हातानं बक्षीस दिलं. तिथं महिलांचं बक्षीस म्हणजे चांदीचं मोठं ताट असतं. न्यूयॉर्कनं कागदी फितींचा पाऊस पाडत तिची मिरवणूक काढली. १९५७ आणि १९५८, दोन्ही वर्षं विम्बल्डन तिचं आणि अमेरिकेची राष्ट्रीय स्पर्धाही तिचीच. एकेरी, दुहेरी, मिश्र मिळून ग्रँड स्लॅमची ११ विजेतेपदं.

आणि पैसे? शून्य. ताटसुद्धा क्लबाकडेच राहतं.

कारण तेव्हाचं मोठं टेनिस 'हौशी' होतं. बक्षिसाची रक्कम घेतली की बाहेर. हौस कुणाला परवडते? ज्याच्या घरी दोन वेळची चूल आपसूक पेटते त्याला. म्हणजे पहिलं फाटक जातीचं, रंगाचं. ते ओलांडलं की आत दुसरं फाटक पैशाचं. मोठ्या स्पर्धा व्यावसायिकांना खुल्या झाल्या त्या १९६८ साली, तेव्हा ती चाळिशी ओलांडत होती.

१९५८ नंतर तिनं हौशी खेळ सोडला. गाण्याची तबकडी काढली, सिनेमात छोटं काम केलं. १९६० साली हार्लेम ग्लोबट्रॉटर्सच्या बास्केटबॉल सामन्यांआधी पैसे घेऊन प्रदर्शनी टेनिस खेळली. १९६४ मध्ये व्यावसायिक महिला गोल्फच्या दौऱ्यावर जाणारी ती पहिली काळी बाई. तिथं काही क्लब तिला आतच घेत नसत. काही ठिकाणी तिला गाडीत बसून कपडे बदलावे लागले. जगज्जेती, विम्बल्डनची राणी, गाडीत!

१९९० नंतरच्या काळात ती आजारी, एकटी, घरभाडं आणि औषधं यांची मारामार. जीव द्यायचा विचार तिनं फोनवर बोलून दाखवला तो अँजेला बक्स्टनला. १९५६ ला विम्बल्डन दुहेरीत तिची जोडीदार असलेली इंग्लंडची ज्यू खेळाडू. बक्स्टननं टेनिसवाल्यांना हाक घातली, तेव्हा जगभरातून पैसा आला. २००३ साली अल्थिया गेली. अमेरिकन स्पर्धेच्या आवारात तिचा पुतळा उभा राहिला २०१९ ला. मेल्यावर सोळा वर्षांनी.

आता आपल्यातले कडवे साथी विचारतील, ती चळवळीत होती का? नव्हती. मी माझ्यासाठी खेळते, असंच तिचं म्हणणं होतं. काळ्यांची वर्तमानपत्रंही त्यावरून तिच्यावर चिडली. १९५५ च्या ऑगस्टात मिसिसिपीत एमेट टिल या चौदा वर्षांच्या काळ्या पोराला गोऱ्यांनी मारलं, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस अमेरिकेच्या सरकारनं अल्थियाला सदिच्छा दौऱ्यावर आशियात धाडलं. त्यात भारतही होता. बघा, आमच्याकडे काळी पोरगी कशी खेळते! तिला शोकेसमध्ये ठेवलं, हे खरं.

पण मी तिला गद्दार म्हणणार नाही. दक्षिणेतल्या कापसातून उठलेल्या पोरीनं स्वतःसाठी खेळावं, हाही तिचा हक्क आहे. माझा सवाल टाळ्या वाजवणाऱ्यांना आहे. एकटीनं फाटक उघडलं तर ते तिच्या पाठीमागे परत बंद होतं. तिच्यानंतर ग्रँड स्लॅमचं एकेरी जिंकणारी पुढची काळी अमेरिकन बाई म्हणजे सेरेना विल्यम्स, १९९९ साली. मध्ये ४१ वर्षं गेली. मिरवणूक एका दिवसाची होती आणि भाडं दर महिन्याचं. हे मिरवणुकीतल्या कुणाच्या ध्यानात आलं नाही.

आलं होतं ते १४३ व्या रस्त्यावरच्या शेजाऱ्यांच्या. राणीच्या ताटाच्या कितीतरी आधी त्यांनी पोरीच्या हातात क्लबाची फी ठेवली होती. सत्कार नव्हता, भाषण नव्हतं. चळवळ त्याला म्हणतात.

आपणही पहिल्या डॉक्टरचा, पहिल्या खेळाडूचा फोटो काढतो आणि घरी जातो. तो गोऱ्या साहेबाचा धंदा आपण कशाला करायचा?

हा डबा टेबलावर ठेवतोय. पहिले शंभर माझे. आज कुणी हार घालायचा नाही, आभार मानायचे नाहीत. त्या पोरीच्या पायाचं माप मी घेऊन आलोय.

जयभीम.