उडीआधीचा दोर

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

आमच्या चांदूर बाजार तालुक्यात पोहायला शिकण्याची शाळा म्हणजे संत्र्याच्या बगीच्यातली विहीर. पाठीला वाळलेला भोपळा नाहीतर रिकामा डबा बांधायचा, काठावर काका दोर धरून उभा, आणि मागून कोणीतरी ढकलायचं. आठ दिवसांत पोरगं मुटका मारायला लागे. आता विहिरी आटल्या, बोअर आले. बोअरमध्ये काही पोहता येत नाही. त्यामुळे पाण्याची हौस तशीच राहिली आणि पाण्याची ओळख मात्र सुटली. ही हौस मग मोटारसायकलवर बसून सातपुड्यातल्या धबधब्याकडे निघते.

मी शाळेत शारीरिक शिक्षण शिकवलं. निवृत्तीनंतरही पोरं घरी येतात. "सर, आमाले डोहात उडी माराले घेऊन चला, नाहीतर आमी आमचे जातोच," असं त्यांनी सांगितलं, तेव्हा 'जाऊ नका' म्हणण्यात अर्थ नव्हता. कसं जायचं ते शिकवणं भाग होतं. त्यातल्या एकाची आई दारात येऊन एवढंच म्हणाली, "सर, तुमी हाय ना संगं?" त्या प्रश्नाचं ओझं घेऊन मी तयारीला लागलो. ती तयारी आज तुम्हाला सांगतो.

पहिला प्रश्न, केव्हा जायचं? पावसाळ्यात मुळीच नाही. आपल्या डोक्यावर ऊन असतं आणि वर डोंगरात पाऊस कोसळत असतो. लोणावळ्याच्या भुशी धरणाजवळ 30 जून 2024 रोजी एकाच कुटुंबातले पाच जण वाढत्या प्रवाहात वाहून गेले. त्याच सुमारास ताम्हिणी घाटात एका तरुण माणसाने कुंडात उडी घेतली. तो पोहत काठापर्यंत आला, पण प्रवाहाने त्याला ओढून नेलं. आपल्या अमरावती जिल्ह्यात, वरूड तालुक्यातल्या झुंज धबधब्याजवळ, 14 सप्टेंबर 2021 रोजी वर्धा नदीत नाव उलटली आणि अकरा माणसं गेली. म्हणून दिवाळीनंतर, ओढ्याचं पाणी निवळल्यावर जायचं. पाणी गार असतं, तेव्हा आधी काठावरून उतरून अंग भिजवायचं. एकदम गार पाण्यात पडलं की श्वास अडकतो.

दुसरा प्रश्न, कुठे? मेळघाट व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीत परवानगीशिवाय पाऊल टाकायचं नाही. जिथे मनाईचा फलक आहे तिथे विषय संपला. चिखलदऱ्याचा भीमकुंड डोळ्यांनी पाहायचा, अंगाने नाही. आम्ही पायथ्याचा एक लहान डोह निवडला आणि त्याच ओढ्यावर गुरं पाजणाऱ्या म्हाताऱ्या गवळ्याला सोबत घेतलं. पाणी कुठे भोवरा धरतं, हे त्याला ठाऊक असतं.

तिसरा प्रश्न खोलीचा. विहिरीचा तळ घरच्या माणसाला माहीत असतो. धबधब्याखालच्या डोहाचा तळ दर पावसाळ्यात बदलतो. पूर येतो आणि गोटे इकडचे तिकडे करतो. अमेरिकेत ॲरिझोनाच्या वाळवंटात हवासू नावाचा ओढा आहे. ऑगस्ट 2008 मध्ये तिथे एवढा पूर आला की प्रवाहाने वाटच बदलली, नवाजो नावाचा धबधबा कोरडा पडला आणि शेजारी नवे धबधबे तयार झाले. म्हणून 'मागच्या वर्षी मारली होती' ही परवानगी या वर्षी चालत नाही.

आम्ही दोराला दगड बांधला, हातहातावर गाठी मारल्या आणि जिथे पडायचं तिथे आणि त्याच्या भोवताली सोडून पाहिला. मग पट्टीचा पोहणारा एक जण कमरेला दोर आणि काखेत ट्यूब घेऊन उतरला आणि बांबूने तळ चाचपत फिरला. ज्या कड्यावर पोरांचा जीव जडला होता, त्याच्या खाली चार फुटांवर खडक निघाला. पाणी काळंभोर, वरून काहीच दिसत नव्हतं. तो कडा रद्द झाला. पोरं गप्प झाली.

उंचीचा हिशेब असा. दहा फुटांवरून पडलं तर पाण्याला टेकताना वेग ताशी सुमारे 28 किलोमीटर असतो. चाळीस फुटांवरून 56. वेग दुप्पट झाला की माराचा जोर चौपट होतो. स्पर्धेच्या तलावात 3 मीटरच्या फळीखाली सुमारे पावणेचार मीटर आणि 10 मीटरच्या फलाटाखाली 5 मीटर पाणी ठेवतात. आमचा नियम त्यावरून ठरला: कडा दहा फुटांच्या वर नको, पाणी आठ हातांच्या खाली नको. आणि सूर मारायचा नाही. जागतिक स्पर्धेत 27 मीटरवरून उडी घेणारे पुरुष खेळाडूसुद्धा पायांवरच पाण्यात शिरतात, आणि खाली बचावाचे पाणबुडे आधीच उतरलेले असतात. मग आपण डोकं पुढे का करावं?

धार पडते तिथला पांढरा फेस टाळायचा. त्या पाण्यात हवा मिसळलेली असते, ते माणसाला नेहमीसारखं उचलून धरत नाही. एका वेळी एकच उडी, आधीचा बाहेर आल्यावरच पुढचा. काठावर दोर आणि ट्यूब घेऊन दोघे जण. त्यांनी त्या दिवशी पाण्यात उतरायचं नाही. दारूचा वास आला तर गाडी परत. खोऱ्यात फोन लागत नाही, म्हणून 108 ला फोन लागेल अशी जागा येतानाच हेरून ठेवायची.

आणि एवढं करूनही कोणी बुडालाच तर? त्याला उलटा टांगू नका, पोट दाबून पाणी काढत बसू नका. श्वास नसेल तर आधी तोंडाने श्वास द्या, मग छातीच्या मधोमध 30 दाब आणि 2 श्वास, मदत येईपर्यंत. उंचावरून पडलेला असेल तर मान वळू देऊ नका; डोकं आणि धड एका रेषेत धरून बाहेर आणा. हे आम्ही आधी शाळेच्या मैदानावर करून पाहिलं होतं.

त्या दिवशी नऊ पोरं आली होती. पाच जणांनी उडी मारली, चौघांनी नाही मारली. त्या चौघांना कोणी चिडवायचं नाही, ही अट निघतानाच घातली होती. माझ्या मते तीच सगळ्यात महत्त्वाची. खडकापेक्षा जास्त पोरं 'भेला का बे?' या शब्दाने पाण्यात पडतात. तुमच्या घरचं पोरगं जाणार असेल तर त्याला एवढंच विचारा: दोर सोबत आहे का, आणि 'नाही' म्हटलं तर तुझे सोबती ऐकतील का? दोन्हीचं उत्तर 'हो' असेल तर डबा बांधून द्या.