होल्ड म्हणजे पैसे बुडाले नव्हेत



गेल्या महिन्यात आमच्या गटातल्या एक आक्का पासबुक घेऊन घरी आल्या. डोळे रडून लाल. दुधाच्या बिलाचे चार हजार खात्यावर दिसत होते, पण काढायला गेल्यावर खिडकीतल्या माणसानं ‘होल्ड आहे’ एवढंच सांगून पुढच्याला हाक मारली. आक्कांना वाटलं, पैसे बुडाले. पोराची फी भरायची होती. त्यांनी गावातल्याच एकाकडून महिना शेकडा पाचनं पैसे उचलले. होल्ड म्हणजे काय, हे विचारायला त्यांना लाज वाटली.

तसा हा शब्द आपल्या घरात आहे. बल्ब ज्यात बसतो तो होल्डर, म्हणजे धरणारा. होल्ड म्हणजे धरून ठेवणं. फोनवर ‘होल्ड करा’ म्हणतात, तेव्हा लाईन तुटलेली नसते, आपण नुसतं थांबायचं असतं. (ते गाणं किती वेळ ऐकायचं, ही गोष्ट वेगळी!) आणि खातेदार म्हणजे अकाउंट होल्डर. तिथं धरणाऱ्या आपण असतो बरं का.

आपलं राधानगरीचं धरण बघा. पाणी धरतं म्हणून ते धरण. अडवलं म्हणून पाणी नाहीसं होत नाही. धरण भरलं की तिथले सात स्वयंचलित दरवाजे आपोआप उघडतात. बँकेच्या होल्डचं मात्र तसं नाही. तिथं आपल्यालाच जाऊन विचारावं लागतं, होल्ड किती रकमेवर आहे, कशासाठी आहे, कुणाच्या सांगण्यावरून आहे? केवायसीची कागदं राहिली असतील, हप्ता थकला असेल, आपण कुणाला जामीन असू, कधी फसवणुकीच्या तपासात पोलिसांनी कळवलेलं असतं. कारण कळल्याशिवाय इलाज कळत नाही. २०२४ मध्ये लाडक्या बहिणीचे पहिले हप्ते आले, तेव्हा काही ठिकाणी बँकांनी ते जुन्या थकबाकीत वळते केले. तसं करू नका, असं सरकारला बँकांना सांगावं लागलं. म्हणजे बँकेनं धरलं ते दर वेळी बरोबरच असतं, असंही नाही.

तोंडी उत्तरावर परत फिरू नका. साधा अर्ज लिहा, पोच घ्या. ३० दिवसांत उत्तर आलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या १४४४८ या नंबरवर तक्रार कशी करायची ते सांगतात.

आक्कांची नुसती केवायसी राहिली होती. मी सोबत गेले, आधार आणि पॅनची झेरॉक्स दिली, चौथ्या दिवशी होल्ड निघाला. उसने पैसे त्यांनी त्याच संध्याकाळी परत केले. व्याज मात्र त्यानं पुऱ्या महिन्याचं घेतलं.